युरोपियमच्या एका सोर्समध्ये दोन केंद्रकं : सामूहिक वर्तन आकड्यांवरून कसं ओळखायचं

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला युरोपियम-१५२ चा सोर्स (गामा किरण सोडणारा किरणोत्सारी नमुना) हातात आला की मुलं त्याचा एकच उपयोग करतात, डिटेक्टरचं कॅलिब्रेशन. १२१.८, २४४.७, ३४४.३ केईव्ही (गामा किरणांच्या ऊर्जेचं एकक) या रेषा ओळखायच्या, चॅनेल नंबरासमोर मांडायच्या, सरळ रेघ ओढायची, आलेख जर्नलमध्ये चिकटवायचा आणि सोर्स परत शिशाच्या डबीत. सांगलीत शिकताना मीही हेच केलं. त्या रेषा नेमक्या कुणाच्या आहेत, हे विचारायचं सुचलंच नाही.

सुचवलं ते तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी. त्यांनी माझ्या आलेखावर बोट ठेवलं. "ही १२१.८ कुणाची?" मी म्हटलं, समेरियम-१५२ ची, २⁺ पातळीवरून ०⁺ वर येतानाची. (आकडा म्हणजे पातळीचा स्पिन, फिरण्याचं माप; चिन्ह म्हणजे पॅरिटी, आरशातली सममिती.) "आणि २४४.७?" त्याचीच, ४⁺ वरून २⁺ वर येतानाची. "मग सांग, हे केंद्रक कंप पावतं की फिरतं?" पुस्तकात वाचलं होतं की दोन पातळ्यांचं गुणोत्तर २ आलं तर कंपन. मी लगेच भागाकार केला, २४४.७ भागिले १२१.८, उत्तर २.०१. छाती फुगवून सांगितलं, "कंपतं, सर." सर हसले. "अरे, तू जिन्याच्या पायऱ्या मोजल्यास. मी मजल्याची उंची विचारली होती."

गामा किरणाची ऊर्जा म्हणजे दोन पातळ्यांमधलं अंतर. ४⁺ ची खरी उंची १२१.८ अधिक २४४.७, म्हणजे ३६६.५ केईव्ही. तिला १२१.८ ने भागलं की येतात ३.०१. उत्तर अगदी उलट, केंद्रक फिरतं. ही चूक आजही दर वर्षी दोन-चार जण करतात, म्हणून सगळ्यात आधी सांगितली.

या लेखात तेच काम नीट करू. कॅल्क्युलेटर, कागद आणि मोबाईल पुरे. दीडशे प्रोटॉन-न्यूट्रॉन आपापल्या कक्षांत फिरत असताना त्यांच्यातून 'सगळ्यांचं मिळून एक' असं वागणं कसं उभं राहतं, ते प्रत्यक्ष आकड्यांत पाहायचं आहे.

आकडे कुठून आणायचे

अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेचं 'न्यूडॅट' आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं 'लाइव्हचार्ट' ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. केंद्रक निवडलं की पातळ्यांची यादी मिळते. त्यात पातळीची ऊर्जा, स्पिन आणि पॅरिटी, अर्धायुष्य, आणि तिथून निघणारे गामा एवढं दिसतं.

सुरुवातीला फक्त सम-सम केंद्रकं घ्या, म्हणजे प्रोटॉनही सम आणि न्यूट्रॉनही सम. त्यांची तळपातळी बिनचूक ०⁺ असते, कारण प्रत्येक कण जोडीदाराशी उलटा जुळलेला असतो. विषम केंद्रकात एकटा उरलेला कण सगळा हिशेब वाकडा करतो. ते नंतर बघा.

यादीतली सगळ्यात खालची २⁺ आणि सगळ्यात खालची ४⁺ वहीत लिहा. स्पिन कंसात छापला असेल तर तो पक्का झालेला नाही असं समजा आणि तसं केंद्रक नवशिक्यानं सोडून द्यावं.

गुणोत्तर

आता ४⁺ ची ऊर्जा भागिले २⁺ ची ऊर्जा. प्रयोगशाळेत याला 'आर फोर बाय टू' म्हणतात.

आकड्यापेक्षा गुणोत्तराला महत्त्व का, हे मला मिरजेत कळलं. सतारमेकर गल्लीत तंबोरा लावताना पाहा. पट्टी काळी एक असो की पांढरी चार, लावणारा कान देतो तो दोन तारांमधल्या नात्याकडे. षड्ज आणि तार षड्ज यांचं गुणोत्तर २ च राहतं. केंद्रकाचंही तसंच. युरेनियमची २⁺ पातळी ४५ केईव्हीला असते, अर्बियम-१६६ ची ८१ ला. पट्टी वेगळी, पण दोघांचं गुणोत्तर ३.३ च्या आसपास, कारण दोघंही एकच गोष्ट करताहेत.

गोल केंद्रक पृष्ठभागावर लाटा उठाव्यात तसं कंप पावत असेल, तर एका लहरीची ऊर्जा जेवढी, दोन लहरींची तिच्या दुप्पट. ४⁺ ही दोन लहरींची पातळी, म्हणून गुणोत्तर २. लांबट केंद्रक फिरत असेल तर ऊर्जा स्पिन × (स्पिन + १) या प्रमाणात वाढते. स्पिन २ ला ६, स्पिन ४ ला २०. म्हणजे २० भागिले ६, ३.३३. आणि गुणोत्तर २ च्याही खाली असेल, तर बहुधा दोन-चार कणच हालचाल करताहेत, बाकीचे ढिम्म.

कॅन्सरच्या उपचाराचं कोबाल्ट मशीन तुम्ही ऐकलं असेल. कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२ केईव्हीचे दोन गामा खरं तर निकेल-६० चे असतात, ४⁺ वरून २⁺ आणि २⁺ वरून ०⁺. हिशेब करा, २५०६ भागिले १३३२, म्हणजे १.८८. निकेलमध्ये २८ प्रोटॉन, हा मॅजिक नंबर, म्हणजे कणांचं एक कवच पूर्ण भरल्याचा आकडा. त्या बाजूचं दार बंद.

आता समेरियमची रांग. प्रोटॉन ६२ कायम, न्यूट्रॉन दोन-दोनानं वाढत जातात.

समेरियम-१४८, न्यूट्रॉन ८६ : ५५०.३ आणि ११८०.३, गुणोत्तर २.१४
समेरियम-१५०, न्यूट्रॉन ८८ : ३३४.० आणि ७७३.४, गुणोत्तर २.३२
समेरियम-१५२, न्यूट्रॉन ९० : १२१.८ आणि ३६६.५, गुणोत्तर ३.०१
समेरियम-१५४, न्यूट्रॉन ९२ : ८२.० आणि २६६.८, गुणोत्तर ३.२५

तिसऱ्या ओळीवर थांबा. ८८ वरून ९० वर जाताना, दीडशेतले फक्त दोन न्यूट्रॉन वाढले तर २⁺ ची ऊर्जा जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि गुणोत्तरानं उडी मारली. गोलसर केंद्रक दोन कणांच्या फरकानं लांबट झालं.

आणि आपल्या सोर्सची गंमत ही की उडीच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. युरोपियम-१५२ च्या शंभरातली ७२ केंद्रकं इलेक्ट्रॉन गिळून समेरियम-१५२ होतात, उरलेली २८ बीटा कण टाकून गॅडोलिनियम-१५२. त्या ३४४.३ आणि ४११.१ च्या रेषा गॅडोलिनियमच्या. पायऱ्यांची बेरीज करून ४⁺ येते ७५५.४ ला, गुणोत्तर २.१९. वजन दोघांचं तेच, १५२. फरक न्यूट्रॉनांचा, समेरियममध्ये ९० आणि गॅडोलिनियममध्ये ८८. स्वतः मोजणार असाल तर ४११ ची रेष क्षीण आहे, शंभर विघटनांत साधारण दोनदाच येते. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर ती जेमतेम दिसते, जर्मेनियमवर स्वच्छ. सोर्स चिमट्यानंच उचला.

कोण कुणाला ओढतं, ते मोजणं

माझ्या मते विषयाचा गाभा इथं आहे, म्हणून इथं जरा वेळ काढा.

केंद्रकात सूर्यासारखा मध्यभागी बसलेला मालक नाही. प्रत्येक कण ज्या खड्ड्यात फिरतो तो खड्डा बाकीच्या कणांनीच मिळून तयार केलेला असतो. कक्षा भरत जातात आणि २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या आकड्यांना एकेक कवच पूर्ण होतं. मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये हे कोडं सोडवलं. पूर्ण कवच गोल असतं आणि हलायला तयार नसतं. खेळ चालतो तो कवचाबाहेरच्या कणांचा.

त्यांच्यात दोन ओढी असतात. एकाच जातीचे दोन कण, प्रोटॉन-प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन-न्यूट्रॉन, जोडी करून एकमेकांचा स्पिन फेडतात. ही ओढ केंद्रकाला गोल ठेवते. दुसरी ओढ प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातली. प्रोटॉनची कक्षा एका दिशेला लांबट असेल आणि न्यूट्रॉनची कक्षाही त्याच दिशेला झुकली, तर दोघांची जास्त गाठ पडते आणि ऊर्जा वाचते. आता पुढचा टप्पा बघा. त्या दोघांच्या झुकण्यानं सगळ्यांचा सामाईक खड्डाही त्या बाजूला किंचित लांबतो. खड्डा लांबला की तिसऱ्यालाही तिकडंच झुकणं स्वस्त पडतं. तो झुकला की खड्डा आणखी लांबतो. हुकूम कुणीच सोडलेला नसतो, तरी सगळी पंगत एका दिशेला सरकते. सामूहिक वर्तन उगवतं ते असं.

जोड्यांची ओढ जिंकणार की प्रोटॉन-न्यूट्रॉनची, याचा ढोबळ अंदाज बोटांवर करता येतो. जवळच्या मॅजिक नंबरापासून प्रोटॉन किती दूर ते मोजा, न्यूट्रॉन किती दूर ते मोजा. कवच अर्ध्याहून जास्त भरलं असेल तर वरच्या अंकापर्यंतच्या रिकाम्या जागा मोजा. मग दोन आकड्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. उत्तर ४ ते ५ च्या पलीकडं गेलं की केंद्रक लांबट व्हायला लागतं.

समेरियम-१५२ : प्रोटॉन ६२, म्हणजे ५० च्या पुढं १२. न्यूट्रॉन ९०, म्हणजे ८२ च्या पुढं ८. १२ गुणिले ८ म्हणजे ९६, भागिले २०, उत्तर ४.८. अगदी उंबरठ्यावर. समेरियम-१४८ चं उत्तर ३, १५४ चं ५.५. अर्बियम-१६६ मध्ये १४ रिकाम्या जागा आणि १६ न्यूट्रॉन, उत्तर ७.५, आणि गुणोत्तर ३.२९. कॅडमियम-११४ मध्ये प्रोटॉनच्या जागा फक्त २, उत्तर १.८, गुणोत्तर २.३. निकेल-६० चं उत्तर शून्य.

गॅडोलिनियम-१५२ चं मात्र ४.२ येतं, गुणोत्तर २.१९ असूनही. असं का? ६४ प्रोटॉनांपाशी एक लहानसं उपकवच आहे आणि न्यूट्रॉन ९० च्या खाली असताना ते अडसर घालतं, त्यामुळं १४ मोजलेले प्रोटॉन तितके मोकळे नसतात. सूत्र ढोबळ आहे. बोटांवरच्या हिशेबाकडून याहून जास्त मागू नये.

घड्याळाची साक्ष

गुणोत्तर हा पुरावा झाला, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. दुसरा साक्षीदार म्हणजे पातळी किती वेळ टिकते. सगळे प्रोटॉन एका तालात हलत असतील तर गामा लवकर सुटतो.

समेरियम-१५२ च्या २⁺ चं अर्धायुष्य १.४० नॅनोसेकंद. यादीत ते असतंच. ०.६९३ ला त्यानं भागा, वेग येतो सेकंदाला ४९.५ कोटी. यातला सगळा वाटा गामाचा नाही. बऱ्याचदा केंद्रक गामा न सोडता ऊर्जा थेट अणूतल्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकतं. या पातळीवर दर १०० गामांमागं असे साधारण ११६ इलेक्ट्रॉन. म्हणून २.१६ ने भागा, उरतात २२.९ कोटी. हा भागाकार विसरला तर उत्तर दुपटीहून मोठं येतं. माझं आलं होतं.

आता हा वेग भागिले (१२२ कोटी गुणिले ऊर्जेचा पाचवा घात), ऊर्जा एमईव्हीमध्ये (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), म्हणजे ०.१२१८. उत्तर साधारण ७०००. एकट्या प्रोटॉननं उडी मारली असती तर याच मोजमापात या वजनाच्या केंद्रकाला सुमारे ४८ मिळाले असते. ७००० भागिले ४८, जवळपास १४५ पट.

१४५ पट हा आकडा कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीनं समजावता येईल. आयर्विन पुलावरून बघताना मला नेहमी वाटतं की वल्ह्यांची संख्या नंतर, आधी ताल. बारा जणांची वल्ही एकाच क्षणी पडली तर होडीला बसणारा रेटा बारा पट. केंद्रकात गामा सुटण्याचा वेग त्या रेट्याच्या वर्गावर ठरतो, आणि १२ चा वर्ग १४४. समेरियममध्ये कवचाबाहेर प्रोटॉन बाराच, हा बराचसा योगायोग आहे, कारण न्यूट्रॉनही आतल्या प्रोटॉनांना सोबत ओढतात. पण डझनाच्या घरातले कण ताल धरून आहेत, एवढं नक्की. हाच हिशेब गॅडोलिनियमला लावला तर साधारण ७२ पट येतात. तेही सामूहिकच, पण निम्मं.

फिरतं, पण किती जड?

लांबट केंद्रक फिरतं म्हटल्यावर त्याचं जडत्व आघूर्ण, म्हणजे ते फिरवायला किती जड, हे काढता येतं. त्याआधी स्वयंपाकघरात जा. एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं ओट्यावर गरगर फिरवा. उकडलेलं एकजीव फिरतं. कच्च्याचा आतला बलक मागं राहतो, ते रेंगाळतं. केंद्रक यांपैकी कोणतं?

२⁺ ची ऊर्जा भागिले ६ करा, समेरियम-१५२ साठी २०.३ केईव्ही. केंद्रक दगडासारखं घट्ट असतं तर हा आकडा ३६,००० भागिले वस्तुमानांकाचा ५/३ वा घात इतका असता, म्हणजे ८.३. आकडा जितका मोठा तितकं आघूर्ण कमी. ८.३ भागिले २०.३, म्हणजे घट्ट गोळ्याच्या साधारण ४१ टक्के. अर्बियम-१६६ आणि युरेनियम-२३८ यांना हेच लावा, दोघांचंही ५३ टक्क्यांच्या आसपास येतं.

पूर्ण उकडलेलंही नाही आणि निव्वळ पाणीही नाही. कारण वर आलेल्या जोड्या. जोडी केलेले कण अतिप्रवाही द्रवासारखे वागतात आणि फिरण्यात पुरता भाग घेत नाहीत. म्हणजे जोड्यांची ओढ आकाराच्या भांडणात हरली तरी तिनं मैदान सोडलेलं नाही.

गोल केंद्रक का फिरत नाही, असं मुलं विचारतात. क्वांटमच्या राज्यात ज्याच्या फिरण्यानं काहीच वेगळं दिसत नाही, ते फिरलं असं म्हणताच येत नाही. लांबटपणा आला की दिशा आली, आणि दिशा आली की फिरणं आलं. अंदाजे आकडा सांगतो. समेरियम-१५२ या पातळीवर एक फेरी साधारण ७ भागिले १० चा २० वा घात इतक्या सेकंदांत घेतं, आणि तेवढ्यात आतला एकेक कण केंद्रक शेकडो वेळा आरपार करतो. नॅनोसेकंद संपेपर्यंत फेऱ्यांचा हिशेब हजार कोटींच्या वर जातो.

या चित्राचा उगम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका खोलीत आहे. १९४९-५० मध्ये जेम्स रेनवॉटर आणि आगे बोर तिथं एकत्र बसत. कवचाबाहेरचा कण सगळ्या केंद्रकाला लांबट करू शकतो हे रेनवॉटरनं मांडलं, बोरनं बेन मॉटलसनबरोबर कोपनहेगनमध्ये त्याचा पूर्ण सिद्धांत केला, आणि १९७५ चं नोबेल तिघांना मिळालं.

जिना वर चढताना

४⁺ वर थांबू नका. ६⁺, ८⁺, १०⁺ असे वर जा आणि या वेळी मुद्दाम पायऱ्याच मोजा. फिरणाऱ्या केंद्रकात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच हवी. अर्बियम-१५८ मध्ये १०⁺ आणि १२⁺ यांच्यातली पायरी ६०८ केईव्हीची आहे. पुढची? ५१०. त्यापुढची ४७३. पायऱ्या अचानक बुटक्या झाल्या! वेग वाढला तशी एक न्यूट्रॉन जोडी ताण सहन न होऊन तुटली, आणि त्या दोघांनी आपला स्पिन फिरण्याच्या दिशेला जुळवला. केंद्रकाला तेवढा स्पिन आयता मिळाला, म्हणून त्याचं फिरणं मंदावलं. याला 'बॅकबेंडिंग' म्हणतात, १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये ते पहिल्यांदा दिसलं. असे उंच जिने मोजायला डझनभर जर्मेनियम डिटेक्टरांचा मांडव लागतो. आपल्याकडचा 'इंगा' नावाचा मांडव मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या प्रवेगकांवर आळीपाळीनं लागतो. मुंबईला त्याची पाळी असली की आमच्याकडचा एखादा मुलगा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघतो आणि आठवडाभर झोप न झालेल्या डोळ्यांनी परततो.

फसवणाऱ्या दोन जागा

गुणोत्तर २.३ आलं म्हणून 'कंपक' असा शिक्का मारू नका. कॅडमियमची केंद्रकं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत आदर्श कंपक म्हणून छापली गेली, कारण दोन लहरींच्या तीन पातळ्या, ०⁺, २⁺ आणि ४⁺, जवळजवळ असायला हव्यात आणि त्या होत्याही. नंतर त्यांच्यामधले गामा किती जोरकस आहेत हे बारकाईनं मोजल्यावर हिशेब जमेना. ऊर्जा जुळली, घड्याळ जुळलं नाही. म्हणून तर वर दोन साक्षीदार मागितले.

दुसरी जागा शिशाची. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही कवचं बंद. बोटांवरचा हिशेब शून्य, २⁺ थेट ४०८५ केईव्हीला. तुम्ही म्हणाल, इथं सामूहिक काहीच नाही. पण त्याची पहिली उत्तेजित पातळी २⁺ नाहीच, ती ३⁻ आहे, २६१४.५ केईव्हीला. घड्याळाची साक्ष काढली तर एकट्या कणाच्या ३० पटींहून जास्त. गोल केंद्रक नासपतीच्या आकारात आत-बाहेर कंपतं, आणि त्यात अनेक कण सामील असतात.

ही रेष पाहायला सोर्सही लागत नाही. माती-विटांतल्या थोरियमच्या साखळीत शेवटी थॅलियम-२०८ चं शिसं होतं, तेव्हा ती सुटते. संध्याकाळी सगळे सोर्स कपाटात कुलूपबंद करा, डिटेक्टर रात्रभर चालू ठेवा. सकाळी १४६१ ला पोटॅशियमचा उंचवटा असेल, तो खरं तर आर्गॉन-४० च्या २⁺ चा. आणि पार उजवीकडं, एकटाच, २६१४ ला शिशाचा.